ओसरीवरची शाळा आणि तिचे दार

पेडणे महालाचा नकाशा समोर धरला, तर एक गाव आपल्या महालापासून फुटून नदीपलीकडे जाऊन बसलेले दिसते. ते तेरेखोल. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली, तरी आपण गोव्यातच असतो. मात्र गावाची पाठ सिंधुदुर्ग जिल्ह्याला टेकलेली आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी उभारलेला तेथील किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली घेतला. सबंध पेडणे महाल त्यांच्या हाती यायला १७८८ साल उजाडावे लागले. किल्ल्याच्या तटाआड सेंट अँथनीचे चर्च आहे. राज्य एका बाजूला, रस्ता दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पाणी, असे हे स्थळ. 'शेजारची शाळा' हा शब्दप्रयोग कायद्याच्या पुस्तकात जितका सोपा वाटतो तितका तो अशा गावात राहत नाही.

या गावाची आठवण झाली ती एका वाचक भगिनींच्या पत्रामुळे. त्यांचे माहेर पेडणे महालातले, संसार परप्रांतात. मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवावे, निदान काही वर्षे तरी, असा त्यांचा व त्यांच्या यजमानांचा मनोदय आहे. पुस्तके मराठीत हवीत, त्यांत कोणा एका धर्मपंथाची शिकवण नसावी, आणि शेजारच्या कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला सोबत बसविता यावे, ही त्यांची अपेक्षा. साधने कोठे मिळतील आणि सोबत कोण देईल, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

घरी शिकविणे ही गोमंतकातील मराठी कुटुंबांना काही नवलाची गोष्ट नव्हे. सरकारी शाळेत पोर्तुगीज. मराठी अक्षर शिकायचे ते ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत, शेणवीमामांच्या समोर मांडी घालून. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावीत, मोडी वळणावर आणावी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकावी, हिशेब मांडता आला आणि पोथी वाचता आली की शिक्षण पुरे झाले. मामांचा मुशाहिरा बहुधा तांदूळ, नारळ, शिधा असाच. परकी राजवट असताना, सरकारी आधाराविना, नव्या काबिजादीतल्या गावांत मराठी टिकली, तिचे मोठे श्रेय या ओसरीला आहे. याविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि बोलावेही.

परंतु त्या ओसरीला दार होते, आणि ते सर्वांसाठी उघडे नव्हते. 'शेणवीमामा' या नावातच विद्या कोणाच्या हाती होती हे सांगून ठेवलेले आहे. शाळा देवळाच्या आवारात, म्हणून ज्याला देवळात प्रवेश नाही त्याला शाळेतही नाही. मुली क्वचितच दिसत. ख्रिस्ती शेजाऱ्याचा मुलगा तेथे येण्याचे कारणच नव्हते. देवळांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कलावंत समाजाला शिक्षणाची वाट स्वतः खोदावी लागली. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांनी त्या समाजाला संघटित केले, आणि त्यांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना या वाटेवरच्या काट्यांची कल्पना असेल. घरच्या शाळेचा गुण असा की ती घरासारखी असते. तिचा दोषही नेमका तोच.

दार किलकिले झाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. नाव अगदी शब्दशः घ्यावे: घरोघरी रोजच्या शिजवणीतून मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यावर शाळा चालवायची. पुढे १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, १९११ च्या कायद्याने धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकत झाली आणि गोव्यातील हिंदूंना शाळा-संस्था उघडपणे काढता येऊ लागल्या. फोंड्यास दादा वैद्य प्रभृतींच्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या शाळेला आन्तोनियो जुझे द आल्मैद यांचे नाव दिले गेले. हे गृहस्थ प्रजासत्ताकाचे मंत्री, पुढे १९१९ ते १९२३ पोर्तुगालचे अध्यक्ष. मराठी शिकविणाऱ्या शाळेला लिस्बनच्या एका पुढाऱ्याचे नाव! आज कोणास गंमत वाटेल. पण राज्याने धर्मापासून हात काढून घेतल्यावरच आपली शाळा मोकळा श्वास घेऊ शकली, ही जाणीव त्या पिढीला होती. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे मूळचे पेडण्याचेच, आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या आजोबांना ओसरीवर मज्जाव होता त्यांची नातवंडे बाकावर बसली.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की गावातल्या सरकारी शाळेतून मूल काढून घरी आणणे ही केवळ एका घराची बाब राहत नाही. गोव्यात कित्येक मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या आहेत. दहाबारा मुलांच्या शाळेतून दोन मुले उठली तर मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न सुशिक्षित पालकांनी स्वतःला विचारावा. जेथे अशी शाळा जिवंत आहे तेथे मूल तेथेच राहू द्यावे आणि घरची शाळा संध्याकाळी भरवावी, असे आमचे मत आहे. पत्रलेखिकेला ते कदाचित रुचणार नाही.

ज्यांचा निश्चय झालाच आहे त्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्याचे दहावे कलम सांगते. कर्तव्य न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाला त्यात सर्वसाधारण मान्यता नाही. अपवाद एक: २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग वा तीव्र विकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. हा पर्याय मुलाच्या सोयीसाठी आहे, शाळेच्या सुटकेसाठी नव्हे. 'तुमच्या मुलाला घरीच शिकवा' असे कोणी सुचविले तर आईबापांनी ते निमूटपणे मान्य करू नये.

पुढची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही १९८९ साली स्थापन झाली. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीच्या तोडीच्या परीक्षेस नाव घालता येते, माध्यमांत मराठीही आहे, आणि प्रवेश पाच वर्षे चालत असल्याने मुलाला एकेक विषय सावकाश देता येतो. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ही सोय फार मोलाची आहे.

पुस्तकांचा तर आता दुष्काळ नाही. पुण्याच्या बालभारतीची, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तसेच मिळतात, आणि आमच्या मते पाठ्यपुस्तकांपेक्षा ते अधिक गोड आहेत. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून केलेली विज्ञानाची खेळणी आणि त्यांनी जमविलेली मराठी पुस्तके यांना एक पैसा लागत नाही. पालकांसाठी पुण्याहून १९८७ पासून निघालेले 'पालकनीती' आहे. मूल वाढविण्याचा विचार ते कोणत्याही पंथाच्या चौकटीबाहेर करते. लहान मुलांसाठी मात्र ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्याकडेच जावे. बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पाने, काटक्या हेच त्यांचे साहित्य. तेरेखोलच्या किनाऱ्यावर त्याची काय वाण?

आता सोबत. शाळा कोठे भरते यावरून तिच्यात कोण येणार हे ठरते, हा शेणवीमामांचा धडा. म्हणून चटई देवघराजवळ नको, चर्चच्या आवारातही नको. समोरच्या अंगणात, झाडाखाली किंवा वाचनालयाच्या खोलीत हवी. आरंभी कोणाचीही प्रार्थना नसावी. एखादी गोष्ट किंवा कोडे पुरे. चतुर्थी, नाताळ, ईद या तिन्हींची सुटी सर्वांनाच असावी, आणि त्या त्या घरच्या मुलाने आपल्या सणाची हकीकत इतरांना सांगावी. खाऊ प्रत्येकाने आणावा व मध्ये मांडावा. कोण कोणाच्या डब्यातले खातो याकडे मुलांपेक्षा मोठ्यांचेच डोळे लागलेले असतात, ते वळवावेत. शिकविणाऱ्या आया आळीपाळीने बदलाव्यात. कोळीण मासळीचा हिशेब तोंडी करते, तिच्याइतके चांगले अंकगणित पदवीधराला येतेच असे नाही; तिला एक दिवस द्यावा.

खर्चासाठी मुष्टिफंडाची रीत आजही चालेल. तांदूळ नकोत, दर घरी महिन्याचे थोडे पैसे एका डब्यात पडावेत. ज्याला जमत नाही त्याने चटई झाडावी, पाणी भरावे, आणि डब्यात कोणी किती टाकले याची वही ठेवू नये. पाचसहा घरे मिळाली की पुरे. परप्रांतात पाच मराठी घरे न मिळाली तर गुजराती, कानडी, हिंदी घरे घ्यावीत. आपल्या मुलांबरोबर त्यांचीही दोनचार मुले 'ळ' म्हणायला शिकतील.