मलकापूरची सुरमई

मलकापूरला समुद्र नाही. सातारा जिल्ह्यात कराडला खेटून वाढलेले हे गाव सह्याद्रीच्या अलीकडे, देशावर आहे, एवढे सांगण्यासाठी त्रैमासिकाची जागा अडवावी काय, असे संपादक महाशयांना वाटेल. तरीही ते सांगणे भाग आहे. कारण एका शुक्रवारी भर दुपारी आम्ही पन्नासएक माणसे हे शाळकरी भूगोलज्ञान बसमध्येच ठेवून मलकापुरात उतरलो आणि सुरमई मागू लागलो.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. त्यासाठी वसईहून निघालेल्या बसगाड्यांत आमच्या धर्मग्रामाचीही एक होती. वास्तविक किनाऱ्यावरच्या माणसांनी किनाऱ्याकिनाऱ्यानेच गोव्याला जावे. पण मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले आणि पुढे इतकी वर्षे रखडले की चालक मंडळी त्या रस्त्याचे नावच काढू देत नाहीत. म्हणून पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी आणि आंबोली असा वळसा. कोयनेचा पूल ओलांडून कराड मागे पडले, उजव्या हाताला आगाशिवचा डोंगर दिसू लागला आणि भुकेची कुजबुज सुरू झाली. ज्येष्ठ मंडळींना शुक्रवारी मांस वर्ज्य. तेवढ्यात कुणाला तरी पाटी दिसली : अस्सल मालवणी, कोकणी व गोवन मासे मिळतील. बसमध्ये टाळ्या वाजल्या.

त्या भोजनगृहाचे नाव आम्ही देणार नाही, कारण आमची तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. सुरमईचे ताट साडेचारशे रुपयांचे. तुकडा मोठा होता, रव्यात घोळवलेला होता, आणि कित्येक दिवस बर्फात राहिलेल्या माशाला येतो तो कापसासारखा भुसभुशीतपणा त्याला आला होता. सोलकढीचा गुलाबी रंग आमसुलाचा नसावा, अशी आम्हाला दाट शंका आहे. कालवणात नारळ होता, पण तिरफळाचा वास नव्हता. आणि 'फिश करी' म्हणून जे आले त्यात काटा म्हणून नव्हता. वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा त्याने आढेवेढे न घेता सांगितले, "बासा हाय, फादर. पेटीतनं येतो."

बासा हा मूळचा मेकाँगसारख्या आग्नेय आशियातील नद्यांचा मासा. आता त्याच्याच जातीचा मासा आपल्याकडे आंध्रात तळ्यांतून वाढवतात. म्हणजे पाहा, पाटीवर समुद्र, ताटात परक्या नदीचा मासा, आणि हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर कोयना वाहते आहे. थोडे पुढे प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या दोन नद्यांत पिढ्यान्‌पिढ्या भोई समाज जाळी टाकत आला आहे. मरळ, वाम, शिंगाळा, खडशी ही त्या पाण्यातली नावे. पाटीवर यांतले एकही नव्हते.

हात धुवायला मागल्या बाजूस गेलो तेव्हा मात्र वेगळाच वास आला. भाजलेले सुके खोबरे, लसूण, आणि कराडकडे ज्याला घरोघरी नुसती 'चटणी' म्हणतात तो कांदा-लसणीचा तिखट मसाला. स्वयंपाकघरातल्या माणसांचे जेवण चुलीवर होते. आमच्याबरोबरच्या एका मावशींनी झाकण उचलून पाहिले. मुलगा ओशाळून म्हणाला, "आमचं जेवान हाय ते, मावशी. नदीची मरळ. तुम्हास्नी न्हाई चालायची."

या शेवटच्या वाक्याने आम्हाला हा लेख लिहायला बसवले. जे ते स्वतः चवीने खातात ते पाहुण्यांना चालणार नाही, हे त्या मुलाला कोणी शिकवले? आम्हीच शिकवले. महामार्गावरून जाणाऱ्या आमच्यासारख्या हजारो मोटारवाल्यांनी सुरमई, पापलेट, कोळंबी एवढी तीनच नावे घोकत त्याला शिकवले की मासा म्हणजे समुद्राचा, आणि समुद्र म्हणजे मालवण. हॉटेलवाला व्यापारी आहे. गिऱ्हाईक जे मागेल ते तो ठेवतो, आणि मिळाले नाही तर त्यासारखे काहीतरी ठेवतो.

आमचे हे मत बसमध्ये बोलून दाखवताच विरोध झाला, तो येथे नोंदवणे न्यायाचे आहे. एक गृहस्थ म्हणाले, प्रवासात पोट सांभाळावे, अनोळखी मासा कशाला? आमचा प्रतिप्रश्न असा की पहाटे भोयाने नदीतून काढलेली मरळ अनोळखी, आणि कोणत्या बंदरात, कोणत्या दिवशी, कोणत्या बर्फात पडली याचा पत्ता नसलेली सुरमई मात्र ओळखीची? दुसऱ्या एका भगिनी म्हणाल्या, गोड्या पाण्याच्या माशाला मातीचा वास येतो. येतो, अनेकदा येतो. मीठ, हळद, चिंच आणि जाणता हात यांनी तो जातो. आणि आपल्या खाडीच्या चिखलात राहणारे निवटे ज्यांनी बोटे चाटून खाल्ले आहेत त्या वसईकरांनी मातीच्या वासाची तक्रार करावी, हे जरा अतीच झाले.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर होता, आणि तो एका तरुणाने घेतला. नद्या आज स्वच्छ आहेत कुठे? 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता, ती छायाचित्रे त्याच्या लक्षात होती. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. एवढेच विचारावेसे वाटते की ज्या नदीचा मासा कोणाही प्रतिष्ठित माणसाच्या ताटात येत नाही, तिच्यात काय सोडले जाते याची चौकशी तो प्रतिष्ठित माणूस कशाला करील? मेलेल्या माशांनी भोयाची चूल विझली. महामार्गावरच्या पाट्यांत मात्र त्या आठवड्यात काहीच बदलले नसेल. समुद्राचेही तेच. पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घाटमाथ्यापलीकडच्या एखाद्या भोजनगृहाने 'सध्या मासा नाही' अशी पाटी लावलेली वाचकांपैकी कोणी पाहिली असल्यास आम्हाला अवश्य कळवावे.

बारमाही मागणीची किंमत कोण भरतो हे आपल्या कोळी बांधवांना विचारा. पापलेटाला 2023 च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. सातपाटीच्या मच्छीमारांना त्याचा आनंद झाला, आणि तो रास्त होता. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नव्हे. एवढी छोटी मर्यादासुद्धा कायद्याने घालावी लागली, कारण त्याहून लहान पिल्ले बाजारात येत होती आणि विकली जात होती. ताटात अख्खे मावेल असे पापलेट हवे, हा हट्ट कोणाचा? आमच्या लग्नांच्या मांडवातला हट्ट आम्ही स्वतः पाहिला आहे.

आता कोणी म्हणेल, देशावरच्या माणसाने समुद्राची चव घेऊच नये की काय? तसे आमचे म्हणणे नाही. देशावर समुद्र फार पूर्वी पोहोचला आहे, पण तो सुकून पोहोचला. कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरले की चिपळूण सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि समुद्र त्याच्याही पुढे. ओली मासळी बर्फाशिवाय एवढी वाट टिकणे शक्यच नव्हते. म्हणून घाट चढून आली ती सुकट, आले ते सुके बोंबील. देशावरच्या आठवडी बाजारांत त्यांची ओळ आजही बसते. तव्यावर भाजलेली सुकट, कांदा, ती लाल चटणी आणि ज्वारीची भाकरी हे मलकापूरचे खरेखुरे समुद्रान्न आहे. ते कोणाची नक्कल करीत नाही. पण तेही पाटीवर नाही, कारण सुकट ही गरिबाघरची मानली जाते.

आणि येथे आम्हाला आमच्याच घराकडे वळावे लागते. अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला बोंबील वाळतात, त्या वाऱ्यावर आपण वाढलो. पण घरी पाहुणे येणार असले की सुक्या बोंबलांचा डबा फळीवर मागे सरकतो आणि बाजारातून सुरमई येते. आपल्या भागातल्या हॉटेलांच्या पाट्याही वाचून पाहा : मालवणी थाळी, गोवन करी, चायनीज. वसईची म्हणून जी चव आहे, ख्रिस्ती घरांतली, कोळ्यांची, वाडवळांची, ती पाटीवर शोधावी लागते. मलकापूरच्या त्या मुलाला मरळीची लाज वाटली, तिची खिल्ली उडवण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही.

शुक्रवारच्या व्रताविषयीही थोडे. मांस वर्ज्य करण्याची प्रथा पडली ती साध्या अन्नाने देहाला थोडे आवरावे म्हणून. साडेचारशे रुपयांची सुरमई खाऊन आपण ते व्रत पाळले, असे आम्ही त्या दुपारी स्वतःची समजूत घालीत होतो. गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडणाऱ्या भाविकांना आणखी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. गालीलचा समुद्र हा समुद्र नव्हेच, ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. पेत्र आणि अंद्रिया हे सरोवरावरचे कोळी. जाळ्यात सापडलेले ते 153 मासे आणि पुनरुत्थित प्रभूने पहाटे काठावर निखाऱ्यांवर भाजलेला मासा हे सारे गोड्या पाण्याचे. त्या सरोवरातल्या एका माशाला यात्रेकरू आजही संत पेत्राचा मासा म्हणतात, आणि तो आपल्याकडच्या चिलापीच्या कुळातला आहे. हीच चिलापी, जिला आपण बाजारात 'शी, तळ्यातली!' म्हणून पुढे ढकलतो. (चिलापी आपल्या नद्यांत बाहेरून आली आणि तिने देशी माशांची जागा बळकावली, हा तिच्यावरचा आरोप वेगळा आहे आणि तो खरा आहे.)

गोव्याहून परतलो तो मंगळवार होता. निपाणीच्या अलीकडे आम्ही बसमध्ये उभे राहून विचारले की मलकापूरला नदीची मरळ कोण खाणार. आधी हशा झाला, मग सात हात वर आले. त्यांत त्या झाकण उचलणाऱ्या मावशींचा हात पहिला होता, आणि नद्यांच्या स्वच्छतेवरून आम्हाला अडवणाऱ्या तरुणाचा शेवटचा. निघताना त्या मुलाने आपला फोन क्रमांक लिहून दिला होता. तो लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "फादर, खरंच खाणार? मग भोयाकडनं आणून ठेवतो. पर त्याचा भाव आम्ही कधी लावलेला न्हाई."

सात पाने मरळीची झाली. उरलेल्यांनी कोंबडी खाल्ली.