एजंटाची निवड, ग्राहकाची जोखीम

विमा क्षेत्रात १०० टक्के परकीय गुंतवणुकीचा मार्ग संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मोकळा केला. २००० साली खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, तेव्हा ही मर्यादा २६ टक्के होती. २०१५ मध्ये ती ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. नव्या भांडवलाबरोबर नव्या कंपन्या येतील आणि ग्राहकाला अधिक पर्याय मिळतील, असा यामागचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य असले, तरी आपल्याकडचा सामान्य ग्राहक आयुर्विम्याची कंपनी सहसा निवडत नाही. तो माणूस निवडतो. सोसायटीतला, कचेरीतला किंवा नात्यातला एजंट सांगतो तिथे तो सही करतो. कंपनीची खरी निवड त्याआधीच, एजंटाने केलेली असते.

कायद्यानेही या निवडीला मोठे वजन दिले आहे. सध्याच्या नियमांनुसार वैयक्तिक विमा प्रतिनिधीला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करता येते. सर्वसाधारण विमा आणि केवळ आरोग्यविमा करणारी कंपनी यांची प्रत्येकी एक एजन्सी त्याला घेता येते. पण दोन आयुर्विमा कंपन्यांच्या योजना शेजारी ठेवून ग्राहकापुढे मांडण्याची मुभा त्याला नाही. ती दलाली संस्थांना आहे. पुढे एजंटाने कंपनी बदलली, तरी ग्राहकाच्या जुन्या पॉलिसी जुन्याच कंपनीकडे राहतात. चूक एजंटाची, पण तिचा भार २० वर्षे वाहायचा ग्राहकाने, अशी ही रचना आहे.

ही जोखीम नवी नाही. राष्ट्रीयीकरणापूर्वी देशात शेकडो लहानमोठ्या विमा संस्था होत्या. त्यांतील काही बुडाल्या, काहींनी विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांत वळवला. जानेवारी १९५६ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाच्या पॉलिसींना कायद्यानेच सरकारी हमी मिळाली. त्यानंतरच्या चार दशकांत 'कंपनी कोणती' हा प्रश्न एजंटाला पडण्याचे कारणच उरले नाही. तो २००० नंतर पुन्हा उभा राहिला, तेव्हा तो तपासण्याची सवय मोडलेली होती.

त्याची किंमत युलिप योजनांच्या लाटेत दिसली. पहिल्या वर्षांच्या हप्त्यातून मोठी रक्कम शुल्क आणि कमिशनपोटी कापली जात असताना, 'तीन वर्षे हप्ते भरा, मग बंद करा' असे सांगून या योजना विकल्या गेल्या. २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपासून ८ हजारांच्या घरात घसरला आणि ग्राहकांचे डोळे उघडले. सप्टेंबर २०१० पासून नियामकाने शुल्कांना लगाम घातला आणि पैसे काढण्यावरील बंधनाचा काळ तीनवरून पाच वर्षांवर नेला. पण योजना आखणारे अधिकारी दूर महानगरात होते. तक्रार घेऊन माणसे गेली ती ओळखीच्या एजंटाच्याच दारी.

कंपनीच अडचणीत आली तर काय होते, याचे उदाहरण सहारा लाइफचे आहे. २०१७ मध्ये नियामकाने या कंपनीवर प्रशासक नेमला आणि नव्या पॉलिसी विकण्यास मनाई केली. २०२३ मध्ये तिच्या सुमारे दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश निघाला. त्यालाही अपिलात आव्हान मिळाले. अशा वेळी एजंटाचे उत्पन्न थांबतेच, शिवाय वर्षानुवर्षे जमवलेला विश्वासही पणाला लागतो.

वास्तविक कंपनी पारखण्याची साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत. देण्यांच्या तुलनेत पुरेशी मालमत्ता आहे की नाही, हे सॉल्व्हन्सी गुणोत्तरावरून कळते. ते किमान १५० टक्के असावे लागते. दावे मंजुरीचे प्रमाण जाहिरातींत ठळकपणे मिरवले जाते. मात्र ते बहुधा दाव्यांच्या संख्येवर मोजलेले असते. लहान रकमांचे शंभर दावे चुकते करून मोठ्या रकमेचे दोन नाकारणारी कंपनीही त्यात उजळ दिसते. म्हणून रकमेनुसारचे प्रमाणही पाहणे अगत्याचे ठरते. सर्वांत बोलका आकडा मात्र पॉलिसी टिकण्याचा असतो. तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या, यावरून विक्री गरज ओळखून झाली की गळ्यात मारून, हे समजते. हे आकडे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळांवर जाहीर करावे लागतात.

प्रश्न आहे तो एजंटाला हे आकडे पाहण्याची उसंत आणि इच्छा असण्याचा. भरतीच्या बैठकांत बोलले जाते ते कमिशन, बक्षिसे आणि परदेश सहलींविषयी. त्यात उत्पन्नावरचा ताणही वाढला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील जीएसटी रद्द झाला. ग्राहकाला दिलासा मिळाला. पण कंपन्यांना खर्चावरील कराचा परतावा मिळेनासा झाला आणि अनेकांनी तो भार कमिशनला कात्री लावून एजंटांवर ढकलला. अशा वेळी जास्त कमिशन देऊ करणाऱ्या कंपनीचा मोह होणे स्वाभाविक आहे. घर चालवणाऱ्या माणसाला केवळ नीतीचा उपदेश करून भागणार नाही.

तथापि हिशेब एजंटानेही नीट मांडायला हवा. पहिल्या वर्षीचे कमिशन एकदाच मिळते. नूतनीकरणाचे वर्षानुवर्षे, पण पॉलिसी टिकली तरच. दावा वेळेवर मिळालेले एक कुटुंब पुढची चार कुटुंबे आणते. दावा अडकलेले एक घर सगळी गल्ली बंद करते. म्हणजे दीर्घकाळात एजंटाचे आणि ग्राहकाचे हित एकाच कंपनीकडे बोट दाखवते. नियामकाला हे साधायचे असेल, तर भरतीच्या वेळीच कंपनीचे दाव्यांचे आणि पॉलिसी टिकण्याचे आकडे लेखी स्वरूपात, मराठीसह स्थानिक भाषांत एजंटाच्या हाती देण्याची सक्ती करावी. नवे भांडवल दाराशी आले आहे. त्यासाठी सही करणारा पहिला हात एजंटाचा असेल आणि त्यामागून हजारो ग्राहकांचे हात येतील.