बोटीवर जेवायला काय नेसावे?

बोटीच्या प्रवासाचे पैसे भरून झाले की घरोघरी एकच प्रश्न निघतो: तिथे जेवायला काय घालायचे? आमच्या वहिनी लेकाला भेटायला 'क्वीन मेरी २'ने साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायच्या आहेत. सात रात्रींचा प्रवास. त्यांतल्या 'गाला' रात्री मोठ्या भोजनगृहात पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय घालायचा आणि बायकांनी समारंभी पोशाख, असे कळताच दादा शिंप्याकडे निघाले. वहिनी हळूच म्हणाल्या, "मी आपली खोलीतच जेवीन."

मला हे मुळीच पटले नाही. कंपनीचे नियम काढून मी त्यांना वाचून दाखविले. 'राष्ट्रीय पोशाख चालेल' असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे! स्कॉटिश गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा किल्ट घालून त्याच भोजनगृहात जेवतात, मग आपल्या पैठणीने कोणाचे घोडे मारले आहे? दादांनाही काळा बंद गळ्याचा कोट पुरे. तो कपाटात आहेच. शिंप्याचे पैसे वाचले.

इतर रात्री साधी रेशमी साडी नेसावी. डेकवर वारा फार, म्हणून पदराला पिन, अंगावर शाल. पायांत मात्र सपाट चपला हव्यात; डुलत्या बोटीवर उंच टाचा नकोत, बाई! नटायचा कंटाळा आला तर बुफेचा हॉल आहे, तिथे गालाच्या रात्रीही साधे कपडे चालतात. जुन्या बोटींवर तर पहिल्या आणि शेवटच्या रात्री साहेबलोकसुद्धा नटत नसत. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत.