दगडी स्तंभ आणि शिशाची गोळी

इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत नेझ्बी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. इ. स. १६४५ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस या खेड्याच्या उत्तरेस पहिल्या चार्ल्स राजाचें सैन्य व पार्लमेंटचें सैन्य यांची गांठ पडली. यादवीच ती! एकाच देशाचे आणि एकाच देवाची प्रार्थना करणारे लोक एकमेकांवर तुटून पडले. सर टॉमस फेअरफॅक्स व ऑलिव्हर क्रॉमवेल यांच्या पक्षास जय मिळाला, राजाच्या पायदळाचा चुराडा झाला, आणि पुढें १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला. इतका इतिहास आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. परंतु ही लढाई नेमकी कोठें झाली, असा प्रश्न त्यांच्यापैकीं थोड्यांनींच स्वतःस केला असेल.

कोणी म्हणेल, "त्यांत विचारावयाचें काय? तेथें स्तंभ उभाच आहे." स्तंभ आहे खरा. १८२३ सालीं त्या गांवचे जमीनदार फिट्झजेरल्ड पतिपत्नी यांनीं तो बांधविला. परंतु तो खऱ्या रणभूमीपासून सुमारें एक मैल दूर बांधला गेला! १८४२ सालीं क्रॉमवेलच्या चरित्राचे अभ्यासक टॉमस कार्लाइल तेथें गेले, ते या स्तंभामुळें फसले. त्यांची चूक दाखवून दिली ती स्तंभ बांधविणाऱ्यांच्याच पुत्रानें. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी रूपांतरामुळें मराठी वाचकांसही ज्यांचें नांव परिचित आहे, ते एडवर्ड फिट्झजेरल्ड हेच होत. त्यांनीं त्याच वर्षीं शेतांत खणून मृत सैनिकांच्या अस्थि बाहेर काढल्या. आईबापांनीं उभारलेल्या दगडापेक्षां मातींतील पुरावा त्यांनीं अधिक मानिला. आणि यांत आईबापांचा अनादर झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

अस्थि एखाद्या खड्ड्यांत सांपडतात; शिशाच्या गोळ्या मात्र लढाई जेथें जेथें सरकली तेथें तेथें विखुरलेल्या असतात. शिसें लोखंडासारखें गंजून जात नाहीं. नांगराच्या फाळानें गोळी थोडी इकडेतिकडे होते, परंतु बहुधा शेतांतच राहते. पायदळाच्या तोड्याच्या बंदुकीसाठीं एका रत्तल शिशाच्या सुमारें १२ गोळ्या पाडीत. घोडेस्वाराच्या पिस्तुलाची गोळी याहून बरीच लहान असे. म्हणून नुसतें वजन पाहून तेथें पायदळ लढलें कीं घोडदळ, याचा अंदाज बांधतां येतो. चेपलेली गोळी कशावर तरी आदळलेली असते. अगदीं वाटोळी असलेली गोळी भरतांना घाईंत हातून पडलेलीही असूं शकते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्या भागांतील हौशी लोकांनीं धातुशोधक यंत्रें घेऊन हीं शेतें पालथीं घातलीं व गोळ्यांच्या जागा नकाशावर टिपल्या. ग्लेन फोअर्ड या संशोधकांनीं त्या टिपणांचा जुन्या कागदपत्रांशीं मेळ घातला. तेव्हां असें दिसून आलें कीं, लढाई एका मैदानांत संपली नव्हती; राजाचें पायदळ झुंजत झुंजत उत्तरेकडे वॅडबरो टेकडीपर्यंत हटत गेलें होतें.

येथें आमचें मत स्पष्ट सांगतों. हें चित्र गोळ्यांनीं दाखविलें नाहीं, गोळ्यांच्या जागांनीं दाखविलें. जागा न टिपतां उचललेली गोळी ही पुस्तकांतून फाडून नेलेल्या पानासारखी होय. नेणाऱ्याच्या हातीं कागद येतो, पण पुस्तक कायमचें अपुरें राहतें. म्हणून यंत्रें घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांस सरसकट चोर म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ज्यांनीं नोंद ठेविली त्यांनींच इतिहासावर उपकार केले. ज्यांनीं ठेविली नाहीं त्यांनीं नांगरापेक्षांही अधिक हानि केली. त्या देशांत १९९७ पासून अशा वस्तूंच्या नोंदणीची योजना चालू झाली, परंतु शिशाच्या सुट्या गोळीची नोंद करणें ऐच्छिक आहे. अर्थात् सारा भार सांपडविणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर राहतो. रणभूमीच्या उत्तर भागांतून तर १९९० नंतरच्या दशकांत मोठा रस्ताही गेला. जें उरलें आहे तें जपण्याची निकड त्यामुळें वाढलीच आहे.

हें दूर देशींचें झालें, असें आमच्या विद्यार्थ्यांनीं समजूं नये. विद्यार्थिदशेंत एका सहलीमध्यें आम्हांसही शिशाची एक जुनी गोळी सांपडली होती. ती आम्हीं मोठ्या आनंदानें खिशांत घातली. ती अद्याप आमच्यापाशीं आहे. परंतु ती तटाच्या आंत सांपडली कीं बाहेर, हें आज आम्हांस आठवत नाहीं. वेढा घालणाऱ्यांची ती, कीं किल्ला लढविणाऱ्यांची? तिला ठाऊक होतें, आणि आम्हीं तिचें तोंड बंद केलें. तेव्हां बाळांनो, अशी वस्तु दिसल्यास ती उचलूं नका. जागा वहींत टिपा व शिक्षकांस कळवा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें घरीं जुनी वस्तु आणिली तर तिची किंमत काय येईल हें विचारण्यापूर्वीं ती कोठें सांपडली हें त्यास विचारावें.