मागच्या रांगेतला आवाज

नाटक संपल्यावर सर्वांत जास्त टाळ्या कुणाला मिळतात? अर्थातच नायक-नायिकेला. आज मात्र मागच्या रांगेत गाणाऱ्याची आठवण काढूया.

इंग्लंडची डॉयली कार्ट ऑपेरा कंपनी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिका घेऊन शंभर वर्षांहून अधिक काळ गावोगाव फिरली. या संगीतिकांत कोरस म्हणजे नुसती शोभा नव्हे. ‘पिनाफोर’मध्ये (१८७८) तेच खलाशी, तर ‘मिकाडो’मध्ये (१८८५) तेच जपानी सरदार. आज एक संगीतिका, उद्या दुसरी. सगळं तोंडपाठ हवं!

मुख्य नट आजारी पडला, तर बदली नटाला ऐनवेळी उभं राहावं लागे. १८८४ मध्ये कोरसमधून सुरुवात केलेल्या हेन्री लिटन यांना १८८७ मध्ये अशीच संधी मिळाली. १९३० मध्ये ते ‘सर’ झाले.

पण सगळेच लिटन होत नाहीत. कुणी वर्षानुवर्षं मागेच गातो. नवख्याला पावलं शिकवतो, लांबच्या प्रवासात सगळ्यांना हसवतो, शेजाऱ्याचा सूर ढळला तर आपल्या सुरानं सावरतो. जाहिरातीत त्याचं नाव ठळक नसतं. पण तो गेला की सोबत्यांना रांगेतली त्याची जागा रिकामी दिसते.

२७ फेब्रुवारी १९८२ रोजी लंडनमध्ये या जुन्या कंपनीचा शेवटचा प्रयोग झाला. अशा गायकांच्या आठवणी मग सोबत्यांनीच जपायच्या.

पुढच्या वेळी समूहगान ऐकाल, तेव्हा मागच्या रांगेतला एक चेहरा निवडा आणि गाणं संपेपर्यंत त्याच्याकडेच पाहा.