कटऑफ म्हणजे महाविद्यालयाचे प्रगतिपुस्तक नव्हे

सीईटी या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी गेल्या वर्षीची कटऑफची यादी उघडली जाते. मुलाचे पर्सेंटाइल समोर ठेवायचे आणि उतरत्या कटऑफने ऑप्शन फॉर्म भरत जायचा, ही आता रूढ रीत झाली आहे. ज्याचा कटऑफ जास्त ते महाविद्यालय चांगले, एवढ्या एका गृहीतकावर चार वर्षांचा आणि काही लाख रुपयांचा निर्णय होतो. माझ्या मते हे गृहीतकच कच्चे आहे. गेल्या वर्षी त्या दारात किती गर्दी होती, ते ही यादी सांगते. आत गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याविषयी तिच्यात एक अक्षर नसते. आणि यंदाची मुले गेल्या वर्षीची यादी पाहूनच पसंतीक्रम लावतात, म्हणून गर्दी गर्दीलाच खेचते. एखाद्या संस्थेतले शिकवणे सुधारले किंवा ढासळले तरी यादीत त्याचे पडसाद उमटायला वर्षे जातात.

त्या यादीतली एक ओळ नीट वाचून पाहावी. ‘जीओपनएच’ या रकान्यातला आकडा सर्वसाधारण खुल्या प्रवर्गातल्या, त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा असतो. ‘एलओपनओ’ म्हणजे मुलींसाठीची, पण बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातून आलेल्यांची जागा. एकाच वर्गातल्या या दोन आकड्यांत मोठी तफावत असू शकते. वर्ग आणि शिक्षक मात्र तेच असतात. शिवाय पर्सेंटाइल ही त्या वर्षीच्या परीक्षार्थींमधली तुलना आहे आणि जागा वाढल्या की शेवटचा आकडा आपोआप घसरतो. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था एआयसीटीईने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि अनेक ठिकाणी संगणक शाखेच्या तुकड्या वाढल्या. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर आहे, पण वाढलेल्या तुकड्यांना शिकवायला माणसे मिळाली का, हे कुठल्याच कटऑफमध्ये दिसत नाही.

मग पाहायचे काय? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी संस्था जी माहिती भरते, ती सर्वांना पाहायला खुली असते. तिथे क्रमांकाकडे दुर्लक्ष करून चार वर्षांच्या पदवीचा तक्ता उघडावा. पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातले किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या विद्यार्थ्याचा पगार, किती, हे सगळे एका ओळीत असते. जाहिरातीच्या फलकावर मात्र सर्वाधिक पॅकेज आणि फार तर सरासरी झळकते. शंभरापैकी पाच जणांना चाळीस लाख आणि पंचाण्णव जणांना चार लाख मिळाले, तर सरासरी पाच लाख ऐंशी हजार निघते आणि मध्यक चार लाख. आपला मुलगा किंवा मुलगी त्या पाचांत असेल की पंचाण्णवांत, हे आज कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मध्यकच पाहावा. माझा सर्वाधिक भर मात्र मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांच्या आकड्यावर आहे. प्रवेश घेतलेल्यांपैकी मोठा हिस्सा बॅकलॉगमध्ये अडकत असेल, तर उरलेल्यांच्या प्लेसमेंटची टक्केवारी कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे आकडे संस्थाच भरतात, मग विश्वास का ठेवायचा? आक्षेप रास्त आहे. 2025 च्या फेब्रुवारीत महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या मंडळींनाच सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली होती, तेव्हा श्रेणीच्या अक्षरावर आंधळा विश्वास ठेवू नये हे खरेच. पण तोंडी आश्वासनापेक्षा संस्थेने लिहून दिलेला तक्ता केव्हाही बरा, कारण तो पडताळता येतो. एआयसीटीईच्या नियमानुसार संकेतस्थळावर दिलेली शिक्षकांची यादी एनआयआरएफला भरलेल्या माहितीशी ताडून पाहावी. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देते. एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, तेही मुदतीचे. आपल्या शाखेचे मानांकन आजही चालू आहे का, हे विचारायला संकोच कशाचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हुशार मुले घेणाऱ्या संस्थेचे निकाल चांगले लागणारच, त्यात तिचे कर्तृत्व काय? आणि कंपन्याही नावच पाहतात. पुण्याचे सीओईपी किंवा माटुंग्याचे व्हीजेटीआय यांच्याबाबत हे मी मान्य करते. तिथे जागा मिळत असेल तर फार खल करण्याची गरज नाही. पण बहुसंख्य मुलांपुढचा पेच निराळा असतो. जवळपास सारख्याच कटऑफच्या आठ-दहा संस्थांमधून त्यांना निवड करायची असते. येणारी मुले सारखीच असतील, तर बाहेर पडतानाचा फरक बराचसा संस्थेचा. कटऑफचा खरा उपयोग इथेच आहे: तुल्यबळ संस्थांचा गट पाडण्यापुरता. त्या गटात नांदेडची श्री गुरु गोविंदसिंगजी संस्था, सांगलीचे वालचंद, कराड किंवा अमरावतीचे शासकीय महाविद्यालय असू शकते. केवळ पत्ता पुण्या-मुंबईचा नाही म्हणून त्यांना यादीत खाली ढकलणे महागात पडू शकते. शासकीय शुल्क आणि खासगी शुल्क यांतला फरक, वर शहरातल्या खोलीचे भाडे आणि मेस, असा चार वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

शुल्काचीही नीट चौकशी करावी. खासगी महाविद्यालयांचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. वसतिगृह आणि बसचे पैसे वेगळे विचारावे लागतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला तरच. घाबरून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेणाऱ्या कुटुंबाला ही सवलत गमवावी लागते.

इतकी शोधाशोध गडचिरोलीच्या किंवा जतच्या पालकाने करायची कशी, हा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पालकाकडे मागणे अन्यायाचे आहे. जागा, शुल्क, शिक्षक आणि निकाल यांची माहिती निरनिराळ्या सरकारी यंत्रणांकडे आधीच जमा होते. प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी कक्षाने ऑप्शन फॉर्म उघडण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाचा, प्रत्येक शाखेचा एक पानी मराठी तक्ता प्रसिद्ध करावा: मंजूर जागा, नियमित शिक्षक, मुदतीत उत्तीर्ण, पगाराचा मध्यक, वसतिगृहासह एकूण खर्च. जी संस्था आकडे देणार नाही, तिचा रकाना कोरा छापावा. पुढच्या प्रवेशफेरीपूर्वी हे करायला नवा कायदा लागत नाही.