रविवारी सगळ्यांनी मिळून बघायची गाणी

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे. घरात माणसं सहा आणि मोबाईल पाच. जो तो आपापल्या कोपऱ्यात कानात बोंडं घालून बसलेला. मोबाईल नसलेल्या सासूबाई तेवढ्या दिवाणखान्यात एकट्या. म्हणून बाईंनी ठरवलं, रविवारी संध्याकाळी मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि तासभर सगळ्यांनी मिळून गाण्यांचे व्हिडिओ बघायचे. पहिल्याच रविवारी नातवाने लावलेलं गाणं बघून सासूबाई उठून देवघरात गेल्या. सासूबाईंच्या पसंतीचं भजन लागलं तेव्हा नातू उठून गच्चीवर गेला. "आता तुम्हीच काहीतरी सुचवा," असं लिहून बाईंनी खाली एक ओळ अधोरेखित केली आहे : "सोज्वळ नकोत, चांगली हवीत."

या एका ओळीसाठी त्यांना शंभरपैकी शंभर गुण! सोज्वळ व्हिडिओ मिळायला काय, ढिगाने मिळतात. नदीकाठ, सूर्यास्त, पांढरा कुर्ता, हातात गिटार. बघून कुणाचंच काही बिघडत नाही आणि कुणाला काही आठवतही नाही. माझी व्हिडिओची कसोटी साधी आहे. गाणं संपल्यावर त्यातल्या माणसाचं पुढे काय झालं असेल, असं मनात आलं पाहिजे. ते आलं नाही, तर ती नुसती जाहिरात. आता यादी सांगते. सिनेमातली गाणी यात धरलेली नाहीत, ती सगळ्यांना पाठच असतात.

सासूबाईंना उठू द्यायचं नसेल, तर सुरुवात 'मिले सुर मेरा तुम्हारा'ने करा. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ते पहिल्यांदा लागलं. भीमसेन जोशींपासून सुरू होऊन देशभर हिंडत जाणारं ते गाणं. त्याची चाल आपल्या अशोक पत्कींची, हे मात्र घरातल्या पोरांना मुद्दाम सांगा. माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्या पोरांना ते माहीत नसतं, आणि कळलं की उगाचच ताठ बसतात. गंमत अशी की या गाण्याला नायक नाही, कथा नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मात्र ते कुठेही अडखळत नाही. आपल्यासारखे लोक दोन-दोन भाषांच्या घरात राहतात. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी वाचकांना तर हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर एकदम १९९५वर या. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. संगीत बिड्डूचं, दिग्दर्शन केन घोषचं. राजकन्येसमोर देशोदेशीचे उमेदवार उभे राहतात, ती एकेकाला नापसंत करते, आणि शेवटी लाकडी खोक्यातून अवतरतो आपला मिलिंद सोमण. त्या काळच्या कॉलेजकन्यांनी काय उसासे टाकले असतील ते त्यांनाच विचारा. (आता त्या पन्नाशीच्या आसपास आहेत आणि मोकळेपणाने सांगतात.) खरं सांगायचं तर आज बघताना तो राजवाडा पुठ्ठ्याचा वाटतो. पण मुलगी बसली आहे आणि मुलगे ओळीने उभे राहून नकार घेताहेत, हे चित्र आपल्याकडच्या कांदेपोहे कार्यक्रमाच्या बरोबर उलटं आहे. आमच्या आजीलाही त्यातलं तेवढंच आवडायचं.

दलेर मेहंदींच्या 'तुनक तुनक तुन'वर फार लिहीत नाही. १९९८चं हे गाणं बघून तीन वर्षांचं मूल आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच वेळी हसतात. याहून जास्त शिफारस काय करायची? त्यामागचा किस्सा मात्र फर्मास आहे. दलेरच्या व्हिडिओंमधल्या सुंदर मुलींमुळेच त्याची गाणी चालतात, असं टीकाकार म्हणत होते. मग यात एकही मुलगी नाही. चार रंगांच्या पोशाखांत चार दलेर मेहंदीच नाचताहेत, बस्स! ज्याला उत्तर द्यायचं त्याने असं द्यावं. पुढे परदेशातल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या गाजलेल्या व्हिडिओ गेममधल्या एका पात्रालाही हाच नाच दिला गेला. हे तुमच्या नातवाला ठाऊक असेल. विचारून बघा, तेवढीच आजी-नातवाची बोलाचाली.

आता जरा सावकाश जाऊ या. प्रदीप सरकार हे नाव बहुतेकांना 'परिणीता' (२००५) या सिनेमामुळे माहीत आहे. हे गृहस्थ मूळचे जाहिरात क्षेत्रातले. पण त्याआधी त्यांनी जे गाण्यांचे व्हिडिओ केले, ते माझ्या मते त्यांच्या सिनेमांपेक्षाही जास्त टिकतील. युफोरियाचं 'धूम पिचक धूम' (१९९८) बघा. हा दिल्लीचा रॉक बँड. त्याचा गायक पलाश सेन शिक्षणाने डॉक्टर. सरकारांनी ही मंडळी उचलून बनारसच्या घाटावर नेऊन ठेवली! त्या वेळी बाकीचे व्हिडिओ परदेशी समुद्रकिनारे आणि आलिशान मोटारी शोधत होते. लकी अलीचं 'ओ सनम' (१९९६) तर इजिप्तच्या पिरॅमिडपर्यंत जाऊन पोहोचलं होतं. तेही सुरेखच आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण घाटाच्या पायऱ्या, गल्ल्या आणि आपल्यासारखी दिसणारी माणसं बघून आपलं गाव पडद्यावर आल्यासारखं वाटतं, ते इजिप्त बघून कसं वाटणार? याच जोडगोळीचं २००० सालचं 'माएरी'ही असंच. हुरहुर लावणारं. आधी बघा, त्यावर मग बोलू.

सरकारांचंच 'पिया बसंती' (२०००) मी कधीही, कितीही वेळा बघू शकते. सारंगीचे उस्ताद सुलतान खाँ आणि दक्षिणेच्या के. एस. चित्रा. हे दोन गळे एका गाण्यात आणायची कल्पना संगीतकार संदेश शांडिल्यची. साठीतला सारंगिया पॉप गाण्यांच्या वाहिनीवर! लोकांनी ते इतकं उचललं, की २००१मध्ये एमटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत भारतीय प्रेक्षकांच्या पसंतीचा मान त्याला मिळाला. २०११मध्ये खाँसाहेब गेले तेव्हा शास्त्रीय संगीतवाल्यांना त्यांची सारंगी आठवली आणि बाकीच्या देशाला हे गाणं. दोघांचंही बरोबर होतं.

आणि आता ते गाणं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

'मन के मंजीरे', २००० साल. गायिका शुभा मुद्गल, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनु मोइत्राचं. 'ब्रेकथ्रू' या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ते काढलं. त्यात मीता वशिष्ठ ट्रक चालवते. नवऱ्याची मारहाण सोडून बाहेर पडलेली बाई, पोटासाठी ट्रक चालवणारी. एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून हे घेतलं होतं. कुठे भाषण नाही, रडारड नाही. रस्ता आहे, ट्रक आहे, आणि त्यात बसलेल्या बायका मोकळ्या होऊन नाचताहेत.

मी तेव्हा चौथीत होते. आम्ही नाशिकला राहायचो. माझी एक मावशी 'चार दिवसांसाठी' म्हणून आमच्याकडे आली होती. चार दिवसांचे चार महिने झाले. आम्हा मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. फक्त काकांचा फोन आला की आई उचलायची आणि मावशी घरी नाही असं सांगायची, इतकं कळायचं. हे गाणं तेव्हा टीव्हीवर सारखं लागायचं. त्याचे पहिले सूर ऐकू आले की मावशी स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनीच बाहेर यायची आणि दाराच्या चौकटीत उभी राहायची. बसायची नाही. गाणं संपलं की परत आत.

आजीला ते गाणं मुळीच आवडत नसे. "त्यात काय बघायचं? बाई ट्रक चालवते, हे काय गाणं झालं?" असं म्हणून ती पेटीवाचन करावं तशी मोठमोठ्याने जपमाळ ओढायची. मावशीने परत जावं, चार लोकांत शोभा नको, हे आजीचं मत घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका दुपारी आई कामावर गेली होती, मी अभ्यास करत होते, आणि गाणं लागलं. मावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू गेलं नाही. आजीने माळ बाजूला ठेवली, उठून मागच्या दारापर्यंत गेली आणि हाक मारली, "अगं ये, तुझं गाणं लागलंय."

'तुझं गाणं.' मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मावशीला कळला असावा, कारण त्या दिवशी ती पहिल्यांदा चौकटीत न थांबता आत येऊन आजीशेजारी बसली.

मावशी परत गेली नाही. पुढे एका पाळणाघरात कामाला लागली, मग स्वतःची खोली घेतली. गाण्यामुळे हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्याला आईचे पैसे लागले, वकील लागला आणि मावशीची स्वतःची जिद्द लागली. त्या वेळी घरातल्या मारहाणीविरुद्ध ४९८-अ हे फौजदारी कलम होतं. ते १९८३मध्ये आलेलं. पण राहत्या घराचा हक्क, संरक्षणाचा आदेश असं बाईच्या हातात काही देणारा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६मध्ये लागू झाला. गाणं त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलं होतं.

गेल्या महिन्यात मी ते मावशीला मोबाईलवर लावून दाखवलं. चष्मा लावून तिने सगळं बघितलं आणि विचारलं, "ती खरी बाई कुठे असेल गं आता? चालवत असेल का अजून ट्रक?"

आता नव्यांकडे. नव्यांत काही नाही म्हणणाऱ्यांनी 'एन्जॉय एन्जामी' (२०२१) बघावं. तमिळ आहे, पण एक अक्षर न कळता आमच्या घरात सगळ्यांनी ते दोनदा बघितलं. गायिका धी आणि गायक अरिवू, संगीतकार संतोष नारायणन. अरिवूची आजी वल्लियम्माळ हिने श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत मजुरी केली. ज्यांनी जमीन राबून हिरवी केली त्यांच्या नावावर एक तुकडाही राहिला नाही, अशी ती गोष्ट. मयतावर गाण्याच्या तमिळ रडगाण्याचा, ओप्पारीचा, सूर त्यात मिसळलाय. तरी पाय ठेका धरतात. ती आजी स्वतः व्हिडिओत दिसते. तिचा चेहरा आला की आमच्याकडे कुणी बोलत नाही. त्याच वर्षी एका मासिकाने या गाण्याचा गौरव करताना मुखपृष्ठावर अरिवूला वगळलं आणि दिग्दर्शक पा. रंजित यांच्यासह अनेकांनी त्यावर आवाज उठवला. राबणाऱ्याचं नाव पुसलं जातं म्हणून सांगणाऱ्या गाण्याच्या बाबतीतच हे व्हावं!

नातवासाठी 'बिग डॉग्ज' (२०२४). हनुमानकाइंड हा केरळात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला रॅपर. दिग्दर्शक बिजॉय शेट्टी. हा आख्खा व्हिडिओ केरळातल्या पोन्नानीत, जत्रेतल्या मौत के कुएँमध्ये चित्रित केलाय. रॅपर मधोमध उभा आणि त्याच्या डोक्यावरून, लाकडी भिंतीवरून खऱ्या मोटारी आणि मोटारसायकली गरगर फिरताहेत. शब्द इंग्रजी आहेत आणि त्यातले काही सासूबाईंना न कळलेलेच बरे. पण आपापल्या गावच्या जत्रेत तिकीट काढून वरून वाकून ज्यांनी तो कुआँ बघितलाय, त्यांच्या पोटात पुन्हा तसाच गोळा येतो. त्या चालकांच्या हिमतीला जगभरातून दाद मिळाली, याचा मला गायकाच्या यशापेक्षा जास्त आनंद झाला.

मराठीतलं 'गुलाबी साडी' (२०२४) सुचवलं नाही तर पत्रं येतील. संजू राठोड हा जळगावकडचा मुलगा. त्याच्या या गाण्यावर लग्नाच्या हॉलमध्ये कोण नाचलं नाही ते सांगा! चाल पक्की आहे. व्हिडिओ मात्र माझ्या कसोटीला उतरत नाही. साडी लक्षात राहते, साडीतली मुलगी कोण ते कळत नाही. पण माझं मत बाजूला ठेवा. हे शेवटी लावा म्हणजे सासूबाई, सून, नात सगळ्याच उठून उभ्या राहतील.

इंदूरच्या बाईंना एक सूचना. 'मन के मंजीरे' 'पिया बसंती'नंतर लावा, 'तुनक तुनक'नंतर नको. आणि त्या वेळी कुणी उठून चहा करायला जाऊ नये, एवढं बघा.

पुढच्या खेपेला पावसाची गाणी. शुभाताईंचं 'अब के सावन' (१९९९) त्यात येणारच आहे. तुमच्या आवडीचं आणखी एखादं असेल तर लिहून पाठवा. सोबत ते पहिल्यांदा कुठे आणि कुणाबरोबर बघितलं तेही कळवा.